इंग्रजीत बीए करून काय करणार?

बारावीला चांगले मार्क मिळूनही माझ्या मामेबहिणीला सांगलीत इंग्रजी साहित्य घेऊन बीए करायचं होतं. मामाने मला साताऱ्याला फोन केला, "तू इंजिनिअर, तूच समजाव तिला." मी समजावलं. "इंग्रजी काय, यूट्यूबवरही सुधारतं. तीन वर्षं कशाला घालवतेस?" तिने बीसीए केलं. आज पुण्यात नोकरी करते, पगार बरा आहे. तरीही मी चुकलो होतो.

चूक ही, की मी साहित्याला भाषेचा क्लास समजलो. गंमत म्हणजे या पदवीची बाजू घेणारेही तेच समजतात. 'इंग्रजी पक्कं होतं, बीएड करता येतं, स्पर्धा परीक्षेला उपयोग होतो.' नोकरीचा हिशेब खोटा नाही. घरभाडं मीही भरतो. पण पुस्तकांबद्दल दोन्ही बाजू गप्पच.

कऱ्हाडजवळचं टेंभू आज उपसा सिंचन योजनेमुळे ओळखलं जातं. त्याच गावात जन्मलेल्या आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट' मराठीत आणलं, 'विकारविलसित' या नावाने. सांगलीला लागून असलेल्या हरिपूरच्या देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिलं. पुढे विंदा करंदीकर आणि नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक होते, लिहिलं मराठीत. विंदांनी तर 'किंग लिअर'ही मराठीत आणलं. परकं पुस्तक नीट वाचायचं आणि त्यातलं आपल्या भाषेला काय पेलतं ते बघायचं, हे काम आपल्याच नदीकाठच्या माणसांनी केलेलं आहे.

"आता असं कोण शिकवतं? मुलं गाइड पाठ करून पास होतात." खरं आहे. पण गाइडवर इंजिनिअरिंगही सुटतं, मी सोडवलंय. म्हणून इंजिनिअरिंग बंद करा असं कुणी म्हणत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. इंग्रजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीआधी एक कथा किंवा नाटकातला एक प्रवेश स्वतः मराठीत आणावा. 'हॅम्लेट'शेजारी 'विकारविलसित' ठेवून आगरकरांचं कुठे जमलं, कुठे निसटलं ते लिहावं. याला लॅब लागत नाही, डोनेशनही नाही. आणि हे गाइडमध्ये सापडणार नाही.

मामाचा धाकटा यंदा बारावीला आहे. फोन येईलच. या वेळी आधी त्यालाच विचारणार आहे, तुला काय वाचायचंय?