तोंडी भाड्याचें घर

आमच्या ओळखीचा एक सुतार पोटासाठीं पुण्यास गेला. बायकोची बोरमाळ मोडून त्यानें खोलीची अनामत भरली. करार नाहीं, पावती नाहीं. "आपल्यांत लिहिणें कशाला?" असें घरमालक म्हणाला आणि सुतारासहि तें गोड वाटलें. पुढें जास्त भाडें देणारा भेटतांच मालकानें आधीं नळ तोडला, मग वीज तोडली. सुतार पोराबाळांसह रस्त्यावर आला. अनामत दिल्याचा पुरावा तो कोठून आणणार?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, आपण कागदाला भितों, त्यास कारण आहे. अडाण्याचा अंगठा घेऊन सावकारांनीं रानेंच्या रानें गिळलीं. 1875 सालीं सुप्यास शेतकऱ्यांनीं कर्जरोखे जाळले ते याच संतापानें. परंतु त्यानंतर 1879 सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यानें कागद बंद केला नाहीं. उलट शेतकऱ्याचा दस्तऐवज निबंधकासमोर व्हावा आणि फेडीची लेखी पावती त्यास मिळावी, असें ठरविलें. वैरी कागद नव्हे. न वाचलेला कागद हा वैरी!

घरभाड्याचेंहि तसेंच आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून अंमलांत आहे. तो सर्व खेड्यांस लागू नाहीं. पण आपलीं पोरें जेथें पोटामागें जातात, त्या पुणें-मुंबईसारख्या शहरांस आहे. त्याचें कलम 55 सांगतें कीं, करार लेखी व नोंदलेला असावा आणि नोंदविण्याची जबाबदारी मालकाची. नोंद नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाड्याची पावती देणें मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूचें पाणी-वीज तोडणें हा गुन्हा आहे. म्हणजे आमचा सुतार वाटला तितका निराधार नव्हता. त्याला हें सांगणारा कोणी भेटला नाहीं, एवढेंच.

पण हक्काबरोबर कर्तव्यहि येतें. भाडें वेळेवर द्यावें, संमतीवांचून पोटभाडेकरू ठेवूं नये, पक्कें बांधकाम करूं नये. लीव्ह-लायसेन्सची मुदत संपली कीं जागा सोडावी. अडून बसल्यास दुप्पट रक्कम भरावी लागते.

आणखी एक कटु गोष्ट. शहराच्या कडेला ज्यांचीं रानें होतीं, त्यांतले कित्येक आज खोल्या बांधून स्वतःच घरमालक झाले आहेत. त्यांच्या दारीं परगांवचा मजूर येतो. त्याला पावती नाकारणारा आपला भाऊ आणि आपल्या आजोबाला नाडणारा सावकार, यांत फरक तो काय राहिला?

म्हणून खोली घेतांना असो वा देतांना असो, घरांतल्या शिकत्या मुलीस किंवा मुलास जवळ बसवा, करार मोठ्यानें वाचून घ्या, आणि मगच सही करा. पोरांना शाळेंत घातलें तें याचसाठीं ना?