बाण किती ग्रॅमचा, ते आधी सांगा!

ऑगस्ट २०२३. बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाऊंड धनुर्विद्येत वर्ल्ड चॅम्पियन झाली. त्याच दिवशी मूळचा नागपूरचा, पण साताऱ्यात प्रवीण सावंत सरांकडे तयार झालेला ओजस देवतळे फायनलमध्ये १५० पैकी १५० मारून पुरुषांत पहिला आला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धाही असणार आहे. आणि आपण पवईतले भावी इंजिनीयर? मेसमध्ये या कॅमच्या चाकांवाल्या धनुष्याचा विषय निघालाच, तर आपला प्रश्न एकच: स्पीड किती?

कंपन्याही तोच आकडा दाखवून विकतात. सेकंदाला ३३० फूट, ३४० फूट! हा आकडा सहसा ७० पौंड ताण, ३० इंच खेच आणि ३५० ग्रेनचा, म्हणजे जेमतेम २३ ग्रॅमचा बाण धरून काढलेला असतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ६० पौंडांवर ताण चालतच नाही. बाईकच्या जाहिरातीतलं मायलेज आठवा, तसलाच प्रकार.

बारावीच्या पुस्तकाप्रमाणे धनुष्यात साठलेली सगळी ऊर्जा बाणाला मिळते. (कॉन्व्हेंटवाल्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी: गतिज ऊर्जा म्हणजे काइनेटिक एनर्जी.) प्रत्यक्षात बाणाबरोबर दोरी, पाती, कॅमही पळतात. क्लॉपस्टेग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने या सगळ्यांसाठी एक 'आभासी वस्तुमान' मांडलं. समजा साठलेली ऊर्जा ९० ज्यूल आणि आभासी वस्तुमान ५ ग्रॅम. २० ग्रॅमचा बाण सेकंदाला सुमारे ८५ मीटरने सुटेल, ७२ ज्यूल घेऊन. ३० ग्रॅमचा सुमारे ७२ मीटरने, पण ७७ ज्यूल घेऊन! म्हणजे जड बाण हळू जातो आणि तरी जास्त ऊर्जा नेतो. उरलेली ऊर्जा धनुष्यातच थरथर आणि आवाज होऊन राहते. म्हणून तर रिकामी दोरी सोडली की धनुष्य मोडतं. सगळे ९० ज्यूल जाणार कुठे?

माझं म्हणणं असं की फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये हा प्रयोग असायलाच हवा. सध्या आपण करतो त्यातल्या निम्म्या प्रयोगांचं उत्तर आधीच ठाऊक असतं आणि सीनियरचं जर्नल छापलं की काम होतं. (स्टाफने हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.) इथे छापणार काय? प्रत्येक धनुष्य वेगळं. २० ते ३० ग्रॅमचे चार-पाच बाण घ्या, प्रत्येकाचा वेग मोजा, आणि वेगाच्या वर्गाचा व्यस्तांक वस्तुमानासमोर मांडा. सरळ रेष येते. उतारातून ऊर्जा निघते, आणि रेष मागे वाढवली की आभासी वस्तुमान. धनुष्य न उघडता त्याच्या पोटातलं कळतं!

आणि हे नुसतं मार्कांपुरतं नाही. वरच्याच आकड्यांत, हवेचा विरोध सोडला, तर ५० मीटरवर पहिला बाण १.७ मीटर खाली येतो, दुसरा २.४. सगळेच बाण सारखे असतील तर साईट लावून हे निभतं. पण एका सेटमधला एखादा बाण अर्धा ग्रॅम जड निघाला तर तो साधारण ३.४ सेंटीमीटर खाली लागेल. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ४ सेंटीमीटर! ओजसच्या १५० मध्ये हा हिशोबही होता. स्पीडवाल्यांनी एकदा तराजूकडेही बघावं.

धनुष्य महाग आहे, मान्य. पण लॅबला एकच पुरेल, आणि वजनकाटा केमिस्ट्रीवाल्यांकडे आहेच. फक्त ताणाच्या दर पौंडाला ५ ग्रेनपेक्षा हलका बाण लावायचा नाही; ६० पौंडांना हे साडेएकोणीस ग्रॅम होतात. आणि सोडायची जागा हॉस्टेलची विंग नव्हे, रेंजच.