कर्जाची पदवी आणि पदवीचे मोल

‘शैक्षणिक कर्ज हा खर्च नव्हे, ती गुंतवणूक होय,’ हे वाक्य अलीकडे इतक्या मुखांतून व इतक्या आत्मविश्वासाने ऐकू येते, की त्यास आता सुभाषिताची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. बँकेचा अधिकारी ते बोलतो, महाविद्यालयाचे माहितीपत्रक ते छापते, आणि संगणक अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी मुलास घेऊन निघालेला पिता तेच मनाशी घोकीत कर्जाच्या कागदावर सही करतो. आमची तक्रार या वाक्याविरुद्ध नाही. ते उच्चारून थांबणाऱ्यांविरुद्ध आहे. गुंतवणूक म्हटली की परताव्याचा हिशेब आलाच. परंतु तो मांडण्याची वेळ आली, की ही सर्व मंडळी सरस्वतीचे नाव घेऊन मोकळी होतात! जनतेकडून भांडवल मागणाऱ्या कंपनीस आपल्या धंद्यातील धोके छापून द्यावे लागतात. पदवी विकणाऱ्याने मात्र केवळ आशा छापावी, हा कोणता न्याय?

तो हिशेब आम्हीच येथे मांडतो. एखाद्या खासगी विनाअनुदानित महाविद्यालयातील फी व राहण्याजेवणाचा काही भाग मिळून वर्षास दीड लाख, म्हणजे चार वर्षांचे सहा लाख रुपये कर्ज काढले असे धरू. व्याजाचा दर दरसाल दरशेकडा दहा. अभ्यासक्रमाची वर्षे व त्यापुढील एक वर्ष हप्ता मागितला जात नाही, हे खरे. पण व्याज चालूच असते. सरळ व्याजाने ते या काळात दोन लाख दहा हजार होते, आणि पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी मूळ सहा लाखांचे आठ लाख दहा हजार झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर महिना सुमारे दहा हजार सातशे रुपये पडतात, व एकूण परतफेड जवळजवळ तेरा लाखांची होते. मुदत पंधरा वर्षांची घेतली तर हप्ता आठ हजार सातशेवर उतरतो, पण एकूण रक्कम साडेपंधरा लाखांच्या पुढे जाते.

आता दुसरे पारडे पाहा. मोठ्या सॉफ्टवेअर सेवा-कंपन्या सामान्य नवख्या अभियंत्यास देऊ करीत असलेले वार्षिक वेतन साडेतीन लाखांच्या आसपास आहे, आणि दहा वर्षांपूर्वीही ते याहून फारसे कमी नव्हते. याच काळात महागाई मात्र थांबली नाही. २०१२ साली शंभर धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ च्या अखेरीस एकशे नव्वदाच्या वर गेला होता. अर्थात वेतनाचा आकडा जवळपास तोच राहिला, तरी त्याचे मोल निम्म्याच्या जवळ आले. भविष्यनिर्वाह निधी इत्यादी वजा जाता हातात महिना पंचवीस हजार पडले, तर त्यातून दहा हजार सातशे बँकेस. उरलेल्या चौदा हजारांत पुण्यासारख्या शहरात भाडे, जेवण, जाणेयेणे, आणि घरी पाठवावयाचे ते निराळेच. यास गुंतवणूक म्हणावे की वेठ, हे वाचकांनीच ठरवावे.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर ठरलेले आहे : ‘वेतन पुढे वाढते.’ काहींचे वाढते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु किती जणांचे, हा प्रश्न आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस व विप्रो या तिन्ही कंपन्यांची नोकरसंख्या आदल्या वर्षाहून घटली. आणि त्याच सुमारास, २०२४-२५ पासून, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांवरील एका शाखेतील जागांची कमाल मर्यादा उठविली! मागणी आकसत असता पुरवठ्याचे दार उघडले, तर भाव कोणीकडे जाईल, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पंडिताची आवश्यकता नाही. बाजारात कांदा घेऊन गेलेला कोणताही शेतकरी ते सांगेल.

त्यातून जाहिरातींची कला पाहावी. ‘सर्वोच्च वेतन चाळीस लाख’ असे फलक चौकाचौकांत झळकतात. दहा विद्यार्थ्यांपैकी एकास चाळीस लाख व नऊ जणांस प्रत्येकी साडेतीन लाख मिळाले, तर सरासरी सात लाखांच्या वर भरते. पण त्या सरासरीइतके वेतन त्या दहांतील नऊ जणांनी पाहिलेलेही नसते. म्हणून विचारावयाचे ते मध्यक वेतन, म्हणजे रांगेच्या बरोबर मध्ये उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचे वेतन. केंद्रशासनाच्या राष्ट्रीय क्रमवारीसाठी संस्थांना हा आकडा द्यावा लागतो. पण तोही केवळ नोकरी लागलेल्यांचा असतो. ज्यांस नोकरीच लागली नाही, ते त्या रांगेत उभेच नसतात; त्यांची संख्या वाचकाने वजाबाकी करून शोधावयाची असते.

याचा अर्थ गरिबाच्या मुलाने अभियंता होऊ नये, असा कोणी घेईल तर तो आमच्यावर अन्याय होईल. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिल्यापासून ज्या घरांत पूर्वी पदवीधर नव्हता अशा असंख्य घरांत अभियंते झाले, ही गोष्ट लहान नाही. पूर्वीची माधुकरी व वारांचे जेवण यांचे गोडवे गाणाऱ्यांतलेही आम्ही नव्हेत. त्या व्यवस्थेत उपकाराचे ओझे होते, आणि तिचे दार सर्व जातींस उघडे नव्हते. प्रश्न पदवी घ्यावी की न घ्यावी हा नाही. कोणत्या महाविद्यालयाची, आणि किती कर्जाच्या मोलाने घ्यावी, हा आहे.

आणि येथेच बँकांचा दोष सर्वांत मोठा आहे. दुकान काढावयास कर्ज मागितले तर बँक दुकानाची जागा, गिऱ्हाईक व नफा तपासते. शिक्षणकर्जात मात्र साडेसात लाखांपर्यंत शासनाच्या हमी-निधीचे कवच आहे, आणि वर माता-पिता सहकर्जदार आहेत. मग महाविद्यालयाची परीक्षा कोणी का घ्यावी? २०२४ साली केंद्राने काढलेल्या विद्यालक्ष्मी योजनेत संस्था क्रमवारीवरून निवडल्या जातात, हे एक पाऊल खरे. तथापि क्रमवारी म्हणजे कमाई नव्हे. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील पित्याची सही हेच अखेर बँकेचे खरे तारण ठरते.

महाराष्ट्रास ऋणाचा हा धडा नवा नाही. १८७५ साली सुपे येथून उठलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने न्यायाधीशास रोख्यावरील आकड्यापाशी न थांबता व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासण्याचा अधिकार दिला. सही झाली म्हणजे समज झाली असे नव्हे, हे तत्त्व परकीय सरकारासही मान्य करावे लागले. अठरा वर्षांच्या मुलाच्या सहीस आज तेवढेही संरक्षण असू नये काय?

आमच्या मागण्या तीन आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने प्रत्येक शाखेचे मध्यक वेतन व नोकरी न लागलेल्यांची संख्या, त्रयस्थाकडून तपासून घेऊन, प्रवेशापूर्वी छापावी. बँकेने कर्जाच्या कागदावर हप्त्याशेजारी तोच आकडा लिहावा. आणि नोकरी नसलेल्या पदवीधराकडून हप्ता मागण्याऐवजी परतफेड कमाईच्या प्रमाणात ठरवावी.

पालकांसही एक नियम सुचवितो : त्या शाखेतील मध्यक विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या वेतनाहून अधिक कर्ज काढू नये. वरील उदाहरणातील सहा लाख या कसोटीस उतरत नाहीत. तसे असेल तर शासकीय महाविद्यालय, शिष्यवृत्ती, २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील पात्र मुलींस मिळालेली फीमाफी, किंवा दहावीनंतर तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश, हे मार्ग आधी पाहावेत. त्यांत कमीपणा काहीच नाही. शेजाऱ्याचा मुलगा कोठे गेला, हे पाहून काढलेले कर्ज शेजारी फेडीत नाही.

विद्येचे मोल पैशात करू नये, असे म्हणणारे सज्जन आम्हांस ठाऊक आहेत. त्यांचे म्हणणे आम्ही आनंदाने मान्य करू. परंतु हा उपदेश त्यांनी प्रथम फीची पावती फाडणाऱ्यास व व्याजाची वही राखणाऱ्यास करावा. ते दोघे जोवर विद्येचे मोल पै-पैने करीत आहेत, तोवर विद्यार्थ्याने ते न करणे याला भोळेपणा म्हणतात, विद्याप्रेम नव्हे.