हौसेला मोल नसतं, गाडीला असतं!

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की पदवी हातात यायच्या आधीच गाव आपल्याला इंजिनिअर करून टाकतं. कुणाची मोटार जळाली, कुणाला ट्रॅक्टर घ्यायचाय, बोलावणं ठरलेलं. "इंजिनिअर आलाय, त्याला विचारा!" त्यातला सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे, "जुनी पिकअप विकायचीय, किती सांगू?" चार सेमिस्टर थर्मोडायनॅमिक्स आणि मशीन डिझाईन करूनही याचं उत्तर आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. आणि गाडी 'मॉडिफाय' केलेली असेल तर विचारूच नका!

माझं मत आधीच सांगून टाकतो. बदल केलेल्या जुन्या डिझेल पिकअपची किंमत काढताना त्या बदलांवर केलेला खर्च मिळवायचा नसतो. बहुतेक वेळा तो वजाच करायचा असतो. आणि काय काय बदललंय ते गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी सांगायचं असतं. हे ऐकून घरात भांडण होतं, हे मला अनुभवानं माहीत आहे.

आमच्या तात्यांची, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची, २०१८ ची पिकअप. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो न्यायला घेतलेली. तात्यांचा तिच्यावर भारी जीव. हौद्याला जाड पत्रा आणि उंच फाळके ६२ हजार, मागे जादा कमानपाटे १४ हजार, इंजिनाचं ट्यूनिंग करून ईजीआर बंद केला त्याचे २५ हजार, अलॉय व्हील आणि रुंद टायर ४८ हजार, वर दिवे, हॉर्न, साउंड ३१ हजार. एकूण १ लाख ८० हजार. गावाजवळ त्याच सालच्या, जवळपास तेवढ्याच चाललेल्या, कंपनीतून आल्या तशाच तीन गाड्या विकल्या गेल्या होत्या : ४ लाख ६०, ४ लाख ८५ आणि ५ लाख १० हजारांना. तात्यांनी मधला आकडा धरला, त्यात आपले १ लाख ८० मिळवले आणि ६ लाख ६५ हजार सांगायला सुरुवात केली. चार महिने गाडी अंगणात उभी. फोन यायचे, किंमत ऐकली की बंद.

"अरं, घातलेत ना पैसे तिच्यात मी!" हे तात्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण घातलेले पैसे आणि गाडीची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिकअप घेणारा माणूस हौस विकत घेत नाही. ही गाडी अजून किती वर्षं, किती खर्चात, किती भाडं मिळवून देईल, तेवढंच तो विकत घेतो. आपल्या मनासारखा हॉर्न त्याच्या हिशोबात कुठेच बसत नाही.

आता एकेक बदल बघू. मित्रांनो, इथे आपला अभ्यास खरंच कामाला येतो.

हौद्यापासून सुरू करू. नऊ फूट बाय साडेपाच फुटांच्या हौद्यात ३ मिलिमीटरचा पत्रा अंथरला आणि चारी बाजूंनी २ मिलिमीटरचे फाळके दीड फूट वाढवले, तर पोलादाची घनता धरून वजन येतं साधारण १७० किलो. अँगल आणि बिजागऱ्या वेगळ्याच. पण आरसी बुकातलं एकूण वजन तर वाढत नाही! म्हणजे कायद्यानं भरता येणारा माल तेवढाच कमी झाला. वीस किलोचा क्रेट धरला तर आठ क्रेट प्रत्येक खेपेला गेले. तात्या ज्याला 'मजबुती' म्हणत होते, ती रोज आठ क्रेट खात होती.

कमानपाट्यांचंही तसंच. आठाचे दहा पाटे केले की स्प्रिंग साधारण पंचवीस टक्के कडक होते. गाडी मागून दबत नाही, म्हणून जास्त माल भरता येतो असं वाटतं. पण ॲक्सल तोच, चासी तीच, ब्रेक ड्रम तेच. माळशेज घाटातून कल्याणकडे उतरताना एक टन जादा माल असेल आणि समजा ५०० मीटर उंची उतरायची असेल, तर सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जा जादा येते. ती जाणार कुठे? ब्रेकमध्ये आणि इंजिनावर. पाट्यांना ती थोपवता येत नाही.

ट्यूनिंगचा मुद्दा नाजूक आहे. गाडी 'ओढायला' लागते हे खरं. पण जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता, टर्बो, क्लच आणि पिस्टनवर जादा ताण. ईजीआर बंद म्हणजे नायट्रोजन ऑक्साईड वाढले. जाणता गिऱ्हाईक गाडी रेस करून काळा धूर बघतो आणि ही गाडी कशी दामटली असेल याचा अंदाज बांधतो. ट्यूनिंगचे २५ हजार तर गेलेच, वर त्याच्या मनात संशय आला. तो संशय किमतीतूनच कापला जातो.

टायरची गंमत फार कमी लोकांच्या लक्षात येते. टायरचा व्यास ५ टक्के वाढला की मीटर तेवढं कमी मोजतं. मीटरवरचे १ लाख ५२ हजार किलोमीटर म्हणजे खरे १ लाख ६० हजारांच्या घरात. हे न सांगता विकणं म्हणजे मीटर मागे फिरवल्यासारखंच आहे, फक्त हात न लावता!

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनमानी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे कलम स्पष्ट शब्दांत उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मालवाहू गाडीला ठरावीक मुदतीनं पासिंग लागतंच. तिथे वाढवलेला हौदा अडला की तो उतरवायचा खर्च नव्या मालकाच्या बोडक्यावर. मग तो आपल्या किमतीत का धरू नये?

विम्याच्या कागदावरची आयडीव्ही दाखवून किंमत सांगणारेही भेटतात. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला घसाऱ्याचा ठरलेला तक्ता असतो, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. त्यापुढे तो आकडा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. तेव्हा आयडीव्ही म्हणजे बाजारभाव नव्हे. बाजारभाव म्हणजे जवळपास खरोखर झालेले व्यवहार. लोकांनी नुसत्या सांगितलेल्या किमती त्यात धरू नयेत.

मी तात्यांना मांडून दिलेला हिशोब असा. सुरुवात ४ लाख ८५ हजारांनी. त्यातून वजा : जादा पाटे काढणं ५ हजार, इंजिनाची मूळ सेटिंग आणि ईजीआर १६ हजार, फाळके उतरवणं ६ हजार, क्लच प्लेट संपत आली होती ते १८ हजार, आणि दोन महिन्यांवर आलेला विमा व पासिंग मिळून ३० हजार (त्या तीन गाड्यांचे कागद चालू होते). एकूण ७५ हजार गेले, राहिले ४ लाख १० हजार. मूळ चाकं माळ्यावर होती, ती बसवून अलॉय वेगळे विकायचे. दिवे आणि साउंडही वेगळे. हौशी माणूस सुट्या वस्तूला पैसे देतो, गाडीसोबत देत नाही. सांगायची किंमत ४ लाख ३०, कारण घासाघीस केल्याशिवाय आपल्याकडे व्यवहार झाल्यासारखा वाटत नाही.

तात्या दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "तुला शिकवून हेच ऐकायचं का?" असंही म्हणून झालं. त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. "जादा माल बसतो म्हणून तर लोक असली गाडी शोधतात, मग आपण स्वस्तात का द्यायची?" शोधतात, हे मान्य. पण ओव्हरलोडची कमाई म्हणजे गाडीचा गुण नव्हे. ती उद्याच्या ॲक्सलवर आणि रस्त्यावरच्या माणसांवर काढलेली उचल आहे. त्या उचलीची किंमत लावून आपण पैसे घ्यायचे आणि फेड दुसऱ्यानं करायची, हे मला पटत नाही. घ्यायला आलेला पोरगा माझ्याच वयाचा होता, फायनान्स काढून पहिली गाडी घेत होता. त्याला बदलांची यादी लिहून दिली. क्लच आणि कागदांचं त्याचं तो करणार होता, पाटे नि फाळके मात्र आम्ही आमच्या मेस्त्रीकडून उतरवून घेतले. ४ लाख १५ हजारांना व्यवहार झाला, सुट्या वस्तूंचे ३१ हजार वेगळे आले. ६ लाख ६५ च्या स्वप्नापुढे हे कमीच. पण स्वप्न चार महिने अंगणात गंजत होतं!

एक गोष्ट मात्र विसरू नका. इसार घेऊन, टी.टी. फॉर्मवर सह्या करून मोकळं होऊ नका. आरसीवर नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाडी आधीच विकली होती हे माहीत असूनही अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. नाव बदलल्याची खात्री करणं हा किमतीचाच भाग समजा.

तेव्हा दोस्तहो, येत्या सुट्टीत कुणी विचारलं की "इंजिनिअर, सांग किंमत!", तर समोरच्याला खूश करणारा आकडा सांगू नका. वही काढा, गाडीखाली वाका, पाटे मोजा. गावानं आपल्याला इंजिनिअर म्हणायची घाई केलीच आहे, तर निदान वजाबाकी तरी प्रामाणिकपणे करू या.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी