काडतुसाची पारख



मागील महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. त्यांची मुलगी कॉलेजात एन.सी.सी.मध्ये आहे. तेथे पॉइंट टू टू रायफलने तिचा नेम चांगला लागला, म्हणून शिक्षकांनी तिला रायफल क्लबात पाठविले. आता ती ५० मीटरवर सराव करते. वडील कारखान्यात फिटर आहेत. पत्रात ताई लिहितात : “कोणी म्हणतात, सर्वांत महाग परदेशी गोळ्या घेतल्याशिवाय पोरीचा नंबर लागणार नाही. तिचे वडील पतपेढीतून कर्ज काढायला निघाले आहेत. काढू द्यावे का?”

ताईंचा प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरावर एका घराचे वर्षभराचे हप्ते अवलंबून आहेत. म्हणून आज या विषयाची नीट माहिती घेऊ.

आपण बोलताना सगळ्यालाच गोळी म्हणतो. परंतु दुकानातून येते ते काडतूस. त्याचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्यातील दारू, दारू पेटविणारा मसाला आणि पुढे बसविलेली शिशाची गोळी. पॉइंट टू टू काडतुसात हा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो. चाप ओढला की रायफलची पिन त्या कडेवर आदळते आणि काडतूस उडते. हे काडतूस १८८७ पासून वापरात आहे. पुंगळीची कड एकदा ठेचली गेली की ती पुन्हा भरता येत नाही, म्हणून काडतूस घरी तयार करण्याचा प्रश्नच येत नाही. कारखान्यातून येते त्यातूनच निवड करावी लागते.

यातील गोळी सुमारे ५.६ मिलिमीटर जाड असते. तिचे वजन बहुधा ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम, पाव तोळ्याहूनही थोडे कमी. एवढीशी गोळी ५० मीटरवर जाऊन जे दहा गुणांचे वर्तुळ भेदते, त्याचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर असतो. सदऱ्याच्या गुंडीएवढे ते वर्तुळ! मोठ्या स्पर्धांत तर दहाचेही दशांश मोजतात, आणि एका दशांशाचे अंतर अवघे ०.८ मिलिमीटर असते. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले जयदीप कर्माकर ५० मीटर प्रोन प्रकारात चौथे आले. कांस्यपदक त्यांच्यापासून फक्त १.९ गुण दूर राहिले. अशा खेळात काडतुसाला महत्त्व आहे, हे खरेच. प्रश्न एवढाच, की चांगले काडतूस ओळखायचे कसे?

पहिला गैरसमज वेगाचा. पुष्कळांना वाटते की जितकी जोरात गोळी तितका नेम पक्का. येथे उलट आहे. आवाजाचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. जोरकस काडतुसाची गोळी सुमारे ३८० मीटर वेगाने सुटते आणि वाटेतच तिचा वेग आवाजाच्या वेगाखाली उतरतो. त्या उतरणीवर तिला हेलकावा बसतो. शिवाय या वेगावर हवेचा अडथळा एकदम वाढतो, त्यामुळे आडवा वाराही तिला जास्त ढकलतो. म्हणून स्पर्धेची काडतुसे मुद्दाम ३२० ते ३३० मीटर वेगाची करतात. ती गोळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाजाच्या मागेच राहते आणि शांतपणे जाते. जोरापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा, हे मुलांना पहिल्या दिवशी सांगावे.

सारखेपणा का हवा, तेही पाहू. समजा, एक गोळी सेकंदाला ३२५ मीटर वेगाने सुटली आणि दुसरी ३१५ ने. नेम दोन्ही वेळा अचूक होता. तरीही ५० मीटरवर दुसरी गोळी सुमारे ७ मिलिमीटर खाली लागेल. शंभर मीटरवर हाच फरक तीन सेंटिमीटरच्या पुढे जातो. पोरगी रडते, “माझा हात हलला.” हात हललेला नसतो, दारू कमीजास्त भरलेली असते. अंतर वाढले की काडतुसाचा दोष असा चौपट होऊन समोर येतो. ५० मीटरवर नेम जुळविलेली हीच रायफल १०० मीटरवर चालविली, तर गोळी जवळजवळ एक वीत खाली लागते. लांबच्या नेमबाजीत सारख्या काडतुसाला किंमत येते ती यामुळे.

दुसरा गैरसमज किमतीचा. महाग काडतुसे जास्त काळजीने बनविलेली असतात, यात शंका नाही. परंतु प्रत्येक रायफलच्या नळीची घडण वेगळी असते. आतले आटे, त्यांचा पीळ आणि नळीचे तोंड यांत केसाएवढा फरक असतोच. त्यामुळे एका रायफलला मानवलेले काडतूस शेजारच्या रायफलला मानवेलच असे नाही, मग दोन्ही एकाच कारखान्याच्या का असेनात. आणखी एक गोष्ट. एकाच नावाची, एकाच किमतीची काडतुसेही वेगवेगळ्या लॉटची असतात. पाकिटावर लॉटचा नंबर छापलेला असतो. दोन लॉटमध्ये फरक पडतो. म्हणूनच इंग्लंडची इली, जर्मनीची आर.डब्ल्यू.एस. आणि फिनलंडची लापुआ या नामांकित कंपन्यांनी चाचणीच्या खास जागा ठेवल्या आहेत. तेथे खेळाडूची रायफल शिकंज्यात घट्ट आवळून एकामागून एक लॉट उडवून पाहतात आणि जो जमेल तोच लॉट खेळाडू घेतो. काडतूस रायफल निवडते, दुकानदार नव्हे.

आपल्याला परदेशी जाणे शक्य नाही. पण तीच चाचणी आपल्या क्लबात करता येते. रीत अशी :

एक, परवडणाऱ्या काडतुसांपैकी तीन वेगवेगळे लॉट निवडावेत आणि प्रत्येकाचे एकच पाकीट घ्यावे. पाकिटात ५० काडतुसे असतात. क्लबातील इतर खेळाडूंकडे वेगळे लॉट असतील, तर प्रशिक्षकांच्या परवानगीने त्यांच्याशी मिळून ही चाचणी करावी.

दोन, सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून बसावे. लॉट बदलला की पहिली दहा काडतुसे मोजू नयेत. नळीत आधीच्या गोळ्यांचे मेण आणि शिसे असते, ते बदलायला तेवढी लागतात.

तीन, उरलेली ४० काडतुसे दहा-दहाच्या चार कागदांवर उडवावीत. प्रत्येक कागदावर सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर पट्टीने मोजावे आणि त्यातून गोळीची जाडी ५.६ मिलिमीटर वजा करावी. आकडे लॉट नंबरासह वहीत लिहावेत.

चार, सर्वांत चांगला एक कागद पाहून भुलू नये. चारही कागद पाहावेत. शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, पण येथे एका शितावर विसंबले तर फसगत होते. पाच गोळ्या योगायोगाने एका जागी लागतात, चाळीस लागत नाहीत. ज्या लॉटचा सर्वांत वाईट कागदही बरा आहे, तो लॉट आपला.

एवढे केल्यावर कदाचित मधल्या किमतीचा लॉट महागापेक्षा चांगला निघेल. कदाचित महागच चांगला निघेल. पण निर्णय पुराव्याने होईल, ऐकीव गोष्टीने नाही. निवडलेल्या लॉटची ऐपतीप्रमाणे जास्तीत जास्त काडतुसे एकदमच घ्यावीत. तो संपल्यावर त्याच नावाचे दुसरे पाकीट आणले, तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून. थ्री पोझिशन्सच्या पात्रता फेरीत ६० गोळ्या आणि शिवाय नेम जुळविण्याच्या काही, एवढेच लागते. तेव्हा रोजच्या सरावाला साधी काडतुसे वापरावीत, निवडलेली स्पर्धेसाठी राखावीत. मात्र स्पर्धेपूर्वीचे दोन-तीन सराव राखीव काडतुसांनीच करावेत, कारण लॉट बदलला की नेमाची जागाही सरकते.

पुढे मुलगी सैन्यात गेली किंवा ३०० मीटरच्या मोठ्या रायफलकडे वळली, तर हिशेब बदलतो. तेथे हे छोटे काडतूस चालत नाही. पुंगळीच्या मधोमध मसाला असलेली जोरकस काडतुसे लागतात आणि गोळीचा आकार पाहावा लागतो. लांब, टोकदार आणि मागे होडीसारखी निमुळती गोळी हवा सहज कापते आणि वाऱ्याला कमी बधते. पण लांब गोळीला जास्त गिरकी लागते. पॉइंट टू टूच्या नळीत गोळी साधारण १६ इंचांत एक फेरा घेते. ६ मिलिमीटरच्या १०५ ग्रेन गोळीला साधारण ८ इंचांत एक फेरा लागतो. नळीचा पीळ न पाहता जड गोळी घेतली, तर ती कमी फिरविलेल्या भोवऱ्यासारखी डगमगते. म्हणजे तेथेही नियम तोच : आधी नळी पाहा, मग गोळी.

घरच्यांसाठी तीन सूचना. काडतुसे उन्हात ठेवू नयेत. तापली की वेग बदलतो. शिसे विषारी आहे. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलीने डब्याला हात लावू नये, धाकट्या भावंडांना उचलून घेऊ नये. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची : परवान्याशिवाय एकही जिवंत काडतूस जवळ बाळगणे शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे गुन्हा आहे. ते क्लबाच्या कुलपातच राहावे. दप्तर, खिसे आणि प्रवासाची पिशवी दर वेळी झाडून पाहावी.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करीत खेळले आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक घेऊन आले. हा खेळ नोकरदाराच्या घरातूनही खेळता येतो.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे : आज कर्ज काढू नका. आधी तीन पाकिटे आणि एक वही. मुलीला स्वतः मोजू द्या, स्वतः लिहू द्या. वहीतील आकडे घेऊन तिला वडिलांच्या शेजारी बसवा. त्यानंतरही पैसे कमी पडले, तर किती आणि कशासाठी हवेत ते तुम्हा तिघांनाही ठाऊक असेल. आणि एखादी गोळी बाहेर गेली, तर आपला हात चुकला की काडतूस, हे त्या पोरीला कोणाला विचारावे लागणार नाही.