लिंबूबागेचे रक्षण बांधावरच्या निंबोळीने

सेंद्रिय पद्धतीने लिंबू वा मोसंबी पिकविणाऱ्या बागाईतदारावर किडीचे संकट आले म्हणजे तो बहुधा बाजाराची वाट धरतो. 'नैसर्गिक' असे नाव लावलेली बाटली घरी येते, पैसा खर्च होतो, आणि पुष्कळदा कीड आहे तशीच राहते. वास्तविक, या कामी उपयोगी पडणारी निंबोळी ज्येष्ठ-आषाढात गावोगावी झाडाखाली पडून कुजत असते. कळसाडीसारख्या गावी लिंबाची थोडीशीच झाडे जोपासणाऱ्या शेतकऱ्यानेही ही गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी.

निंबोळीचा गुण केवळ ऐकीव नाही. निंबोळीचा मगज कालविलेले पाणी पिकावर फवारले असता टोळ ते पीक खात नाहीत, असे दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६२ साली दाखवून दिले. मात्र या अर्काने कीड तत्काळ मरत नाही. तिची भूक मंदावते, कात टाकण्यात अडथळा येतो आणि वाढ खुंटते. म्हणून त्याचे यश मात्रेपेक्षा वेळेवर अधिक अवलंबून असते.

ही वेळ म्हणजे नवती फुटण्याची. सिट्रस सिला, काळी माशी व पाने पोखरणारी अळी यांचा उपद्रव कोवळ्या पालवीवरच सुरू होतो. अळी पानात शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. सिला तर ग्रीनिंग रोगाचा प्रसार करते आणि हा रोग जडलेले झाड पुन्हा निरोगी होत नाही. तेव्हा पाने वाकडी होईपर्यंत थांबणे म्हणजे बागेचे आयुष्य पणास लावणे होय.

अर्काची कृती सोपी आहे. सावलीत वाळविलेल्या ५ किलो निंबोळ्या कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी फडक्याने गाळून, २०० ग्रॅम साध्या साबणाचे पाणी मिसळून एकूण द्रावण १०० लिटर करावे. उन्हाने गुण नष्ट होत असल्याने ते त्याच दिवशी सायंकाळी, पानांच्या खालच्या बाजूसही लागेल असे फवारावे.

नैसर्गिक ते सारे निरुपद्रवी, ही समजूत मात्र सोडून द्यावी. तंबाखूतील निकोटीन वनस्पतिजन्यच आहे, तरी ते माणसाच्या जिवास घातक आहे. तसेच, मावा खाणारे ढालकिडे बागेत दिसत असता उगाच फवारणी करू नये. प्रमाणपत्र घेतलेल्या बागेत विकतचे औषध वापरण्यापूर्वी प्रमाणीकरण संस्थेस विचारावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीचा सल्ला देण्याआधी निंबोळी वेचण्याची आठवण द्यावी. बचत गटांनी ती गोळा करून वाळविली, तर गरजेच्या वेळी गावातच साठा मिळेल आणि वेचणाऱ्या हातांना दोन पैसेही मिळतील. आषाढात वेचलेली निंबोळी पुढच्या नवतीचे रक्षण करील. कीड पडल्यावर केलेली धावपळ तेवढे करू शकणार नाही.