माप चुकले की कॅप चुकली

भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. साचा बिघडला तर भांडे नीट उतरत नाही, हे इथल्या कारागिराला सांगावे लागत नाही. दाताच्या कॅपचेही तसेच आहे. रूट कॅनलनंतर बसवायची कॅप बहुधा तोंडाबाहेरच तयार होते. डॉक्टर दाताचे माप घेतात, त्यात प्लास्टरच्या जातीची पूड कालवून ओततात आणि त्या नमुन्यावर लॅबमध्ये कॅप घडते.

यात चूक किती चालते? मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या संशोधकांनी १९७१ साली कॅपच्या कडेच्या फटीची मर्यादा १२० मायक्रॉन, म्हणजे ०.१२ मिलिमीटर, अशी सुचवली. आजही तिचाच आधार घेतात. फट मोठी राहिली की सिमेंट झिजते, आत अन्न आणि जंतू साठतात आणि कॅपखाली दात किडतो. रूट कॅनल झालेला दात दुखत नाही, म्हणून ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

अल्जिनेटचे माप स्वस्त. पण त्यात पाणीच जास्त. उघडे राहिले तर ते आकसते, पाण्यात बुडवून ठेवले तर फुगते. ते काही मिनिटांतच ओतले पाहिजे. आपल्याकडच्या मे महिन्यात तर नक्कीच. अॅडिशन सिलिकॉन महाग, पण कित्येक दिवस आकार धरून राहते. तोंडात फिरवायचा स्कॅनर एक-दोन दातांसाठी उत्तम आहे. मात्र हिरडीखाली रक्त-लाळेत दडलेली कड त्यालाही दिसत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. स्कॅनर नाही याची खंत नको, पण माप नागपूरच्या लॅबला पाठवायचे असेल तर कॅपसाठी सिलिकॉनच वापरावे. दुसरे, पाणी अंदाजाने घालू नये. १०० ग्रॅम साध्या प्लास्टरला ४५ ते ५० मिलिलिटर पाणी लागते, तर कॅपच्या नमुन्यासाठीच्या डाय स्टोनला २२ ते २४ पुरते. पाणी जास्त झाले की नमुना कच्चा राहतो, त्याची कड झिजते. वजनकाटा आणि मोजपात्र कोणत्याही दवाखान्याला परवडते.

सिलिकॉनचा खर्च रुग्णावर पडतो, हे खरे. पण कॅप बसली नाही म्हणून लाखांदूर किंवा पवनीहून पुन्हा यावे लागले, तर एसटीचे भाडे जाते आणि रोवणीच्या दिवसांत मजुरीही बुडते. दात गेला तर तो कोणत्याच पैशात परत येत नाही.

तेव्हा खुर्चीत बसल्यावर दोनच प्रश्न विचारा: डॉक्टरसाहेब, माप कशाचे घेणार? आणि ते ओतणार कधी? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.